इंजिन ब्लॉकला तडा : बदल की दुरुस्ती?

प्रश्न : संत्री वाहणाऱ्या डिझेल पिकअपच्या ब्लॉकमधून बाहेर पाणी पाझरते, ब्लॉक बदलावाच लागेल का?
— एक वाचक, आष्टी (जि. वर्धा)

उत्तर : ब्लॉक म्हणजे सिलिंडर सामावणारा बिडाचा ओतीव सांगाडा होय. त्याच्या भिंतीला तडा गेला की असे पाणी पाझरते; उदाहरणार्थ, अमेरिकेतील डॉज पिकअपमध्ये २००० सालाच्या आसपास बसवलेल्या कमिन्स ५.९ लिटर इंजिनांपैकी ‘५३’ हा ओतीव अंक असलेल्या ब्लॉकमध्ये वॉटर जॅकेटची, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीची, भिंत पातळ असल्याने तिला तडे जात. तडा केवळ बाहेरच्या भिंतीला असेल, तर धातूच्या पिना गुंफून तो सांधणारे मेटल स्टिचिंग पुरेसे ठरू शकते. मात्र तेलात पाणी मिसळत असल्यास इंजिन उघडणे अटळ आहे. कूलंटची पातळी इंजिन थंड असताना रोज पाहावी आणि तापमानाचा काटा चढताच वाहन थांबवावे.