सोपाऱ्याचा स्तूप आणि आपली वंदना



निजामपुऱ्यातून सकाळी निघून वसईमार्गे नालासोपाऱ्याला जावे, स्तूपाचे दर्शन घ्यावे आणि रात्रीच्या आत घरी परतावे, असे हे धम्मस्थळ आपल्या जवळ आहे. आठवडाभर यंत्रमागावर दिवसपाळी-रातपाळी करणाऱ्या कुटुंबालाही हा प्रवास परवडतो. मात्र निघण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे, की आपण तेथे कशासाठी जात आहोत?

हा प्रश्न विचारण्यास कारण आहे. पोर तापाने फणफणले, की घरातील वडीलधारे माणूस अजूनही नवस बोलते. अनवाणी चालत येईन, उपास धरीन, पण लेकराला बरे कर. दीक्षा घेतल्यावर जुने देव गेले, त्या जागी भगवंतांची मूर्ती आली. आता तोच नवस त्या मूर्तीला बोलला, तर बदलले काय?

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पाली ग्रंथांतील सुप्पारक बंदर. येथील टेकाडाला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरले, तेव्हा तो बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. आत दगडी करंडक होता. त्यात तांब्याचा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक निघाला. सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे लहान तुकडे! ते भगवंतांच्या भिक्षापात्राचे, अशी श्रद्धा. सहा पेट्यांच्या आत जपले ते भिक्षेचे मातीचे पात्र, हे ध्यानात ठेवावे.

त्याच 1882 साली सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. या लेखाचा विषयच यात्रा हा आहे. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहली काढीत. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीस, म्हणजे बोधगयेस गेला आणि धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत तो काय करी? श्रमणांना व वृद्धांना भेटणे, दान देणे, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून धम्माविषयी बोलणे व विचारपूस करणे. त्यात नवस नाही, अंगाला क्लेश देणे नाही.

नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात 1956 साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वर्षीच मिळाला. आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, पण त्यांचे फळ अल्प, असे या लेखाचे सांगणे आहे. खरे मंगल कोणते? नोकरचाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम, दान.

आपली वंदनाही अशीच आहे. त्रिसरणात आपण कोणाकडे काही मागत नाही. पंचशीलात आपणच आपल्यावर बंधन घेतो. भगवंत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हे बाबासाहेबांनी स्पष्ट केले आहे. म्हणून पोर आजारी असेल तर त्याला आधी डॉक्टरकडे न्यावे. वंदनेने आईबापांचे मन स्थिर होते, आणि स्थिर मनाचे माणूस रात्रभर उशाशी जागून वेळच्या वेळी औषध देते.

मग कष्टाला काहीच मोल नाही का? आहे, परंतु कोणत्या कष्टाला ते पाहावे. सुप्पारकाशी जोडलेल्या दोन पुरुषांच्या कथा येथे उपयोगी पडतात.

पहिला बाहिय दारुचीरिय. हा सुप्पारकास समुद्रकाठी राही, झाडाच्या सालीची वस्त्रे नेसे. लोक त्याला अरहंत समजून मान देत. पण सालीच्या वस्त्रांनी ज्ञान आले नाही. ते उमगल्यावर तो श्रावस्तीपर्यंत गेला. तेथे भगवंतांचा थोडका उपदेश ऐकून त्याला मुक्ती मिळाली.

दुसरे पुण्ण स्थविर. त्यांनी सुनापरांत देशी जाण्याचे ठरविले. अट्ठकथा त्यांचा जन्म सुप्पारकाचा सांगते. तेथील लोक तापट आहेत, शिव्या देतील, मारतील, तर काय करशील, असे भगवंतांनी विचारले. शिव्या दिल्या तर हात उगारला नाही म्हणून त्यांना भले समजेन. हाताने मारले तर ढेकळे मारली नाहीत म्हणून. अशा पायऱ्यांनी पुण्ण मरणापर्यंत निर्भयपणे उत्तर देत गेले. त्याच वर्षावासात त्यांनी पाचशे उपासक व पाचशे उपासिका धम्मात आणल्या, असे सुत्तात सांगितले आहे.

पुण्णांनी कष्ट मागितले नव्हते. हाती कार्य होते, त्या वाटेत कष्ट आले आणि ते डगमगले नाहीत. याला क्षांती म्हणतात. मात्र क्षांती म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या माणसांनी लाठ्यांचा मार खाल्ला, पण पाण्यावरचा हक्क सोडला नाही.

म्हणून कष्ट तीन प्रकारचे समजावेत. पुण्यासाठी मुद्दाम ओढवून घेतलेले कष्ट सोडावेत. दुसऱ्याने लादलेल्या कष्टांशी संघटित होऊन झगडावे. कार्य करताना येणारे कष्ट धैर्याने सोसावेत. रातपाळी करून लेकीला शाळेत ठेवणाऱ्या आईचे कष्ट या तिसऱ्या प्रकारातले. पण त्या रातपाळीची मजुरी कोणी बुडवली तर ते दुसऱ्या प्रकारात जातात.

सोपाऱ्यास जरूर जा. मुलांना घेऊन जा, स्तूपाला प्रदक्षिणा घाला, त्रिसरण-पंचशील म्हणा. नवसासाठी बाजूला काढलेले पैसे असतील, तर परतल्यावर त्यांची वह्या-पुस्तके घ्या.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
1. नवस आणि वंदना यांत फरक कोणता?
2. अशोकाच्या धम्मयात्रेतील कोणती गोष्ट आपल्या कुटुंबाला करता येईल?
3. आपल्या घरातील कष्ट तीनपैकी कोणत्या प्रकारचे आहेत?

जय भीम!