‘हॅव’ आणि ‘आहे’

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी भाषकाला ‘हॅव’ हे क्रियापद अगदी आरंभी भेटते आणि पुढे दीर्घकाळ चकवते. ‘जवळ असणे’ हा त्याचा कोशातील अर्थ खरा असला, तरी अपुरा आहे. पुढील वाक्ये पाहा.

‘आय हॅव अ पेन.’ – माझ्याजवळ पेन आहे.
‘आय हॅव टू ब्रदर्स.’ – मला दोन भाऊ आहेत.
‘द रूम हॅज टू विंडोज.’ – खोलीला दोन खिडक्या आहेत.

इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद आले आहे. (‘हॅज’ हे त्याचे तृतीयपुरुषी एकवचनी रूप, भूतकाळी रूप ‘हॅड’.) मराठीत मात्र मालकी दाखवणारे असे स्वतंत्र क्रियापद नाही. हाताशी असलेली वस्तू ‘जवळ’ किंवा ‘कडे’ने सांगितली जाते, नाती, आजार आणि वस्तूचे भाग यांना ‘ला’ हा प्रत्यय चालतो. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ असे कोणी म्हटले, तर ते सध्या मुक्कामाला आले आहेत, असे ऐकणाऱ्याला वाटेल. हिंदीतही ‘मेरे पास कलम है’, पण ‘मेरे दो भाई हैं’.

या भेदाचे मूळ कर्त्यात आहे. इंग्रजी वाक्यात ‘मी’ कर्ता असतो; मराठीत भाऊ कर्ता होतात, म्हणूनच ‘आहेत’ हे अनेकवचन येते. ‘हॅव’च्या प्राचीन धातूचा अर्थ ‘पकडणे’ असा होता, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. पकडणाऱ्याशिवाय पकडणे संभवत नाही.

‘आय हॅव रिटन अ लेटर’ या वाक्यात मात्र मालकीचा प्रश्न नाही. येथे ‘हॅव’ साहाय्यक क्रियापद असून क्रिया पूर्ण झाल्याचे ते सांगते: ‘मी पत्र लिहिले आहे.’ मराठीनेही या कामी ‘आहे’च योजले, हा योग मोठा सुंदर आहे.

‘हॅव टू’मध्ये सक्ती असते. ‘आय हॅव टू गो’ याचे भाषांतर ‘मला जायचे आहे’ असे सर्रास केले जाते. परंतु त्यातून इच्छाही सूचित होते. रजेच्या अर्जात नाइलाज कळवायचा असेल, तर ‘मला जावे लागणार आहे’ हेच नेमके.

सर्वांत अधिक गोंधळ ‘हॅविंग’ने होतो. ‘मला दोन मुले आहेत’ हे सांगण्यासाठी भारतात अनेकजण ‘आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन’ म्हणतात. मालकी किंवा नाते ही स्थिती आहे, चालू क्रिया नव्हे. तेथे ‘आय हॅव’ हेच योग्य. ‘शी इज हॅविंग टी’, म्हणजे ती चहा घेत आहे, हे मात्र निर्दोष आहे, कारण चहा घेणे ही क्रिया आहे. रुग्णालयात तर हा भेद फारच महत्त्वाचा ठरतो. ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला मूल आहे. ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला मूल होणार आहे, किंवा ती या क्षणी बाळंत होत आहे.

स्वाध्याय
पुढील वाक्यांचे मराठीत भाषांतर करा आणि प्रत्येक वाक्यातील कर्ता ओळखा.
‘शी हॅज अ फीव्हर.’ ‘वुई हॅड टू वेट.’ ‘दे आर हॅविंग लंच.’