जुनापाणीला कशाला जाता, बाई?

नागपूरहून काटोल रोडनं निघालं, गोरेवाडा मागं टाकला की थोड्या वेळानं जुनापाणी येतं. रस्त्यावरून दिसतं ते माळरान, झुडपं आणि दगड. ते दगड गोलात मांडलेले आहेत हे कळायला थांबावं लागतं, आणि तिथं सहसा कुणी थांबत नाही. अशी तीनशेच्या आसपास शिलावर्तुळं आहेत. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्या मेलेल्या माणसांसाठी ती घातली. मला ती फार आवडतात. हे वाक्य मी लिहू शकते, चारचौघांत बोलू शकत नाही. का बोलू शकत नाही याचा विचार करताना जे काही उमगलं, ते सुचेल तसं मांडते आहे.

१. आवडीच्या रकान्यात खरं लिहायची सोय नसते. आमच्या बँकेत निरोपसमारंभाच्या आधी एक कागद भरून घेतात. जन्मगाव, शिक्षण, आवड. भाषण करणाऱ्याला मुद्दे हवेत म्हणून. मी ‘वाचन’ लिहिलं. त्या वर्षी निवृत्त झालेल्या सगळ्यांनीच ‘वाचन’ लिहिलं होतं आणि काय वाचता, असं कुणी कुणाला विचारलं नाही. ही वाचनाची मोठीच सोय आहे. तिच्याखाली काहीही झाकता येतं. मी ‘जुनी थडगी पाहणे’ असं लिहिलं असतं, तर व्यवस्थापकांनी शाल देताना हात जरा लांबूनच पुढं केला असता.

२. आपल्या घरांत मरणाचा विषय ठरलेल्या दिवशीच चालतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका मैत्रिणीनं नुसतं विचारलं, ‘काय गं, सध्या काय वाचतेस?’ आणि मी घसरले. नागपूरजवळच्याच माहुरझरीच्या उत्खननाबद्दल सांगायला लागले. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी १९७०च्या सुमारास तिथली वर्तुळं खणली, तेव्हा माणसांबरोबर पुरलेला घोडा सापडला. त्याच्या तोंडावर तांब्याचे दागिने होते, तोंडात लोखंडी लगाम होता. माझे डोळे चमकत असावेत. समोरच्या पाचसहा जणींच्या हातातली वाणाची प्लास्टिकची डबी मात्र जागच्या जागी थिजली. यजमानीणबाईंनी चटकन ‘अगं, तिळगूळ घे ना’ म्हणून मला वाचवलं, की स्वतःला, कोण जाणे. चूक त्यांची नाही. सवाष्णींच्या बैठकीत मसणातला घोडा आणू नये, एवढं मलाही कळायला हवं होतं. पण याच घरांत पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून कावळ्याची तासभर वाट पाहिली जाते. गेलेल्या सासऱ्यांना कढी आवडायची म्हणून कढी केली जाते. माहुरझरीच्या लोकांनी घोडा ठेवला, आपण कढी ठेवतो. फरक म्हणायचा तर आपल्याकडे त्यासाठी पंधरवडा नेमून दिला आहे आणि मी संक्रांतीला बोलले.

३. ‘त्याचं होते काय?’ या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. आमच्या नागपुरात हा प्रश्न कुणी खवचटपणे विचारत नाही, खऱ्या काळजीनं विचारतात. इतक्या उन्हात जाता, पेट्रोल जाळता, त्याचं होते काय? सुरुवातीला मी इतिहास, वारसा वगैरे शब्द फेकायचे. ते माझ्याच कानाला शाळेतल्या निबंधासारखे लागायचे. मग एक गंमत झाली. नवऱ्याच्या मित्रानं मला काटोल रोडला दोनदा पाहिलं आणि आपलं आपण ठरवून टाकलं की वहिनी प्लॉट पाहून राहिल्या. त्यानं लगेच एका एजंटचा नंबर दिला, कुठला लेआउट एनए झाला, कुठं पाण्याचा त्रास आहे, सगळं समजावलं. त्या संध्याकाळी मी जुनापाणीबद्दल पहिल्यांदा मनमोकळं बोलले. जमीन कशी आहे, उतार कुठं आहे, मुरूम लागतो का काळी माती, हे मला तोंडपाठ होतंच. प्लॉट हा असा विषय आहे की त्यावर कुणाशीही, कितीही वेळ बोलता येतं. त्यानंतर बराच काळ मी सोयीसाठी प्लॉट पाहणारी बाई झाले. बोचायचं एवढंच, की विदर्भातली अशी कित्येक वर्तुळं शेतीनं, खाणींनी आणि रस्त्यांनीच गिळली आहेत. ज्याच्या आड मी लपत होते, तेच त्यांच्या मुळावर उठलेलं.

४. ज्यांना आपलं वेड बोलता आलं, त्यांनाही ऐकणारे घरात मिळाले नव्हते. जॉन हेन्री रिव्हेट-कार्नॅक हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर. म्हणजे सरकारी काम काय, तर कापूस. बियाणं, गाठी, भाव. आणि हा गृहस्थ आमच्या जुनापाणीला येऊन वर्तुळं खणत बसला. लोखंडाच्या कुऱ्हाडी, सुरे, मडकी काढली आणि १८७९ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. त्याला सगळ्यात भुरळ पडली ती काही दगडांवरच्या वाटीसारख्या छोट्या खळग्यांची. रांगेत कोरलेले, कुठं एका ओळीला दुसरी ओळ आडवी. विलायतेतल्या दगडांवरही असेच खळगे आहेत, असं त्यानं मांडलं. अलीकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे खळग्यांचे दगड वर्तुळात कुठल्या दिशांना बसवलेत ते मोजलं आणि त्याचा आकाशाशी, ऋतूंशी संबंध असावा का, हा प्रश्न विचारला.

मी यातलं काही मोजत नाही. मी त्या खळग्यात बोट फिरवते. बोटाचं पेर बरोबर बसतं, कड अजून गुळगुळीत लागते. ट्रॅपचा काळा दगड किती टणक असतो ते पाटा-वरवंटा वापरलेल्या बाईला सांगायला नको. कुणीतरी तासन्‌तास बसून तो टोचला असणार. घरचे त्याला विचारत असतील का, की त्याचं होते काय?

रिव्हेट-कार्नॅकचं मला जे भावतं ते हेच, की दिवसभर कापसाच्या गाठींबद्दल बोलणाऱ्या माणसाला दगडांबद्दल ऐकणारे थेट कलकत्त्यात शोधावे लागले. मला वाटायचं, माझंच घर अरसिक आहे. हे दुखणं जुनं आहे.

५. काही वेडं आपल्या डोळ्यांसमोर असतात आणि आपण त्यांच्या नावाखालून रोज जातो. आमचे हे हिस्लॉप कॉलेजचे विद्यार्थी. कॉलेजच्या कॅन्टीनपासून भांडणांपर्यंत सगळं त्यांना आठवतं. हिस्लॉप कोण, तर ‘मिशनरी होते कोणीतरी’. स्टीफन हिस्लॉप १८४५मध्ये नागपूरला आले. धर्मप्रसार, शाळा हे काम. पण जीव गुंतला होता इथल्या खडकांत, जीवाश्मांत, इथल्या आदिवासींच्या भाषांत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाटची शिलावर्तुळं पाहायला गेले होते. तिथून घोड्यावरून बोरीकडे परतताना ओढ्याला पूर आलेला होता. त्यात ते बुडाले. पुढं १८८३मध्ये कॉलेज निघालं, त्यांचं नाव दिलं गेलं, आणि हजारो नागपूरकरांच्या गुणपत्रिकांवर ते छापून आलं. वर्तुळं पाहून परतताना गेलेला माणूस, हे त्यात कुठंच नाही. मी हे आमच्या ह्यांना सांगितलं तेव्हा ते टीव्ही बंद न करता पण आवाज कमी करून म्हणाले, ‘बुटीबोरीचा ओढा? तिथं अजूनही पावसाळ्यात घात आहे.’ एवढा प्रतिसाद मला आमच्या लग्नात क्वचित मिळाला आहे.

६. फॅमिली ग्रुपवर वर्तुळाचा फोटो टाकला तर अंगठा येतो. त्याच फोटोत कोपऱ्यात सूर्य आला तर सात अंगठे आणि दोन फुलं. आता मी कोपऱ्यात सूर्य येईल असा टाकते.

७. माझा विषय ऐकून घ्यायला कुणी नाही म्हणून मी कुरकुरते, पण दुसऱ्याचा विषय मलाही ऐकवत नाही. ही गोष्ट उशिरा कळली आणि फार मानवली नाही. आमच्या शाखेत एक रोखपाल होते. अबोल. डब्याच्या वेळी पोळी-भाजी, हवामान, संपलं. एकदा मोतीबागेतल्या रेल्वे संग्रहालयाचा विषय निघाला. तिथं मुलांना घेऊन छोट्या गाडीत बसवून आणलेलं असतं प्रत्येकानं. मी सहज म्हटलं, ‘ती नॅरोगेज बंद झाली ना हो?’ आणि ते गृहस्थ बोलू लागले. बंगाल नागपूर रेल्वेनं टाकलेल्या अडीच फुटी रुळांचं जाळं, छिंदवाड्याची गाडी २०१५ला बंद झाली, नागभीडची २०१९ला. शेवटच्या दिवशी ते रजा टाकून नागभीडला जाऊन आले होते, घरी सांगितलं होतं की लग्नाला चाललो. डिझेल इंजिनांचे प्रकार, कुठल्या स्टेशनात कुठल्या बाजूला पाण्याची टाकी. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं पाहिला होता, हा पाहिला नव्हता. आणि कबूल करायला हरकत नाही, दहाव्या मिनिटाला मी घड्याळाकडे पाहिलं. सिग्नलच्या तारा कशा ओढतात हे मला खरोखर जाणून घ्यायचं नव्हतं. हळदीकुंकवाच्या बायकांचा चेहरा आतून कसा असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

तरी एक झालं. नंतर त्यांनी मला विचारलं, ‘मॅडम, तुमचं काय?’ मी सांगितलं. त्यांनी दहाव्या मिनिटाच्या आधीच घड्याळाकडे पाहिलं. आम्ही दोघंही हसलो. तेव्हापासून आमची मैत्री आहे, आणि आम्ही एकमेकांच्या विषयावर बोलत नाही.

८. आपल्याला जे गुपित वाटतं ते रानातल्या माणसाला गुपित नसतं. जुनापाणीला गुरं चारणारा एक बाबा भेटतो. पहिल्याच भेटीत त्यानं हटकलं, ‘कायले येता बाई इकडं? इथं काय हाये?’ मी दगडांकडे बोट दाखवलं. ‘हे? हे तं गवळ्यायचे हायेत. गवळी राजे होते पयले, त्यायचे.’ नंतर कळलं की गवळ्यांची ही कथा जुन्या इंग्रजांनीही इथल्या लोकांकडून ऐकून टिपून ठेवली आहे. पुरातत्त्वाला ती मान्य नाही. बाबाला पुरातत्त्व माहीत नाही. पण त्याच्या बोलण्यात अवघडलेपण अजिबात नव्हतं. मेलेल्यांच्या दगडावर बसून तो भाकर खातो, चटणी मलाही देतो. मी हात धुवायला पाणी शोधते.

९. विषय सगळ्यांचा झाला की आपल्याला बरं वाटेल, असं समजू नये. एका रविवारी तिथं हेरिटेज वॉकची मंडळी आली. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, समजावून सांगणारा तरुण चांगला तयारीचा. इतकी वर्षं मी हेच मागत होते की नाही? कुणीतरी थांबावं, पाहावं, विचारावं. प्रत्यक्षात मला राग आला. ते माझ्या आवडत्या वर्तुळात उभे होते. एकीनं खळग्यांच्या दगडावर पर्स ठेवली होती. त्या तरुणानं मला ‘काकू, तुम्ही इथल्याच का?’ विचारलं, तर मी ‘प्लॉट पाहायला आले’ म्हणाले.

१०. विचारणारं माणूस कुठून निघेल, सांगता येत नाही. आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. सोवळं-ओवळं अजून पाळतात, त्यामुळं त्यांच्यापुढं मी कधीच तोंड उघडलं नव्हतं. गेल्या पोळ्याच्या सुमारास दुपारी कूलरपुढं बसलो होतो, त्या एकाएकी म्हणाल्या, ‘तू ज्या मसणात जातेस, तिथं बायकांच्या सोबत काय ठेवायचे गं?’ त्यांना सगळं माहीत होतं. पायाला लागलेल्या मातीवरून म्हणा, माझ्या पुस्तकांवरून म्हणा. मी सांगितलं: मडकी, तांब्याच्या बांगड्या, मणी. माहुरझरीला मण्यांचं मोठं काम चालायचं, लाल अकीकाचे मणी. ‘सोनं?’ थोडं. ‘आणि पुरुषांच्या?’ कुऱ्हाडी, सुरे, घोडा. ‘म्हणजे घोडा त्यांनाच.’

मग त्यांचे प्रश्न रोजचे झाले. चुली कुठं होत्या त्यांच्या? लोखंड आणायचे कुठून? मी नायकुंडची भट्टी सांगितली, पेंच नदीकाठची, देव आणि अरविंद जामखेडकरांनी खणलेली. त्यांना भट्टीत विशेष रस. भाता कोण ओढायचं, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. शेवटी ‘मला ने’ म्हणाल्या. गुडघे चालत नाहीत, म्हणून गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि जवळचं एक वर्तुळ दाखवलं. काठी टेकून त्यांनी ते नीट निरखलं. कंबरेएवढे दगड, एकाला एक लागून.

‘एवढे दगड वाहिले कुणी?’

मी पुस्तकातलं सांगू लागले, तर त्यांनी थांबवलं.

‘बायकांनी वाहिले असतील. पुरुष घोड्यावर होते.’

रिव्हेट-कार्नॅकपासून आजवर मी जे काही वाचलं, त्यात हा मुद्दा मला कुठं भेटला नाही. मी तो वहीत लिहून घेत होते तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘चल आता, ऊन झालं. आणि घरी गेल्यावर आंघोळ कर.’