एका दिवसाची सहल : प्राचीन तगर
(इयत्ता चौथी व पाचवीसाठी परिसर-अभ्यासाचा पाठ)

हेतू
इतिहास दूरच्या राजधान्यांत घडला, अशी मुलांची समजूत असते. ती दूर करण्यास धाराशिव जिल्ह्यातील शिक्षकांना तेरसारखे ठिकाण नाही. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे दक्षिणापथातील प्राचीन तगर नगर होय.

पूर्वतयारी
आदल्या दिवशी नकाशावर तेर, पैठण व भडोच दाखवावीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे. तेथील जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. तेर हेच तगर, असे फ्लीट या विद्वानाने १९०१ साली प्रतिपादिले. ‘गाडीवानाच्या शिदोरीत काय असेल?’ हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा. उत्तर सांगू नये.

प्रत्यक्ष पाहणी
प्रथम रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय पाहावे. तेर येथे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई नगरात १९३८ साली सापडली. एवढ्या एका जोडीवरून दूरदेशीच्या व्यापाराची कल्पना मुलांना येते. नंतर त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर दाखवावे. त्याची पाठीमागील बाजू अर्धवर्तुळाकार आहे. शेवटी गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घ्यावे. मातीची मडकी घडविणारा हा संत व संग्रहालयातील खापरे यांची सांगड मुले आपणहून घालतील.

पांढरीच्या टेकाडावर खापर दिसल्यास मुलांनी ते पाहावे, पण उचलू नये. जागेवरून हलविलेले खापर मुके होते. ते कोणत्या थरातले, कोणत्या काळचे, हे मग सांगता येत नाही. सहलीतील हा सर्वांत महत्त्वाचा धडा होय.

भोजन
दुपारी तेरणेकाठी सावलीत पंगत बसवावी. ज्वारीची भाकरी, धपाटी, पिठले, ठेचा, शेंगदाण्याची चटणी हेच जेवण असावे. विकतचा खाऊ आणू देऊ नये. सर्व शिदोऱ्या एकत्र करूनच वाढाव्यात, म्हणजे ज्याच्या फडक्यात नुसती भाकरी असेल त्या मुलास मान खाली घालावी लागणार नाही. आता फळ्यावरचा प्रश्न विचारावा. मिरची व भुईमूग मूळचे अमेरिका खंडातील. ते आपल्याकडे सोळाव्या शतकानंतर रुजले. तेव्हा गाडीवानाच्या शिदोरीत ठेचा किंवा ही चटणी असणे शक्य नव्हते. ज्वारी मात्र आफ्रिकेतून फार पूर्वीच आली होती. आपल्या ताटालाही इतिहास आहे, हे मुलांस येथे उमगते.

स्वाध्याय
१. तेर ते भडोच हा मार्ग नकाशावर काढा.
२. आजच्या ताटातील कोणते जिन्नस तगरच्या गाडीवानास ठाऊक नव्हते?
३. खापर जागेवरच का राहू द्यावे, हे घरी आजी-आजोबांस समजावून सांगा व त्यांचे म्हणणे वर्गात सांगा.