वाढते वय आणि सुटणारे पोट

(द्वितीय वर्ष कला)

"चाळिशी उलटली की अंग सुटायचेच," हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे बोलले जाते की, केस पिकावेत, दृष्टी अधू व्हावी, तसेच पोटही सुटावे हा जणू निसर्गनियमच होय. आपली भाषा तर या बाबतीत फारच उदार आहे. तान्ह्या मुलाने 'बाळसे' धरले, लग्नानंतर मुलगी 'अंगाने भरली', आणि पन्नाशीतल्या गृहस्थाचे पोट पुढे आले की तो 'खात्यापित्या घरचा' ठरला. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या दुष्काळ सोसला, त्याला अंगावरची चरबी घरातल्या शिलकीसारखी वाटावी यात नवल नाही. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. तिच्या लेखी आजही माणूस जाड दिसला की तो सुखी!

वयाबरोबर वजन वाढते हे खरेच. पण ते वयामुळे वाढते काय, हा प्रश्न निराळा आहे. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात हर्मन पाँट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. २९ देशांतील सहा हजार चारशेहून अधिक माणसांचा, म्हणजे आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत सर्वांचा, रोजचा उष्मांकांचा खर्च त्यात तपासला होता. शरीराचा आकार व घडण हिशेबात घेतल्यावर असे आढळले की, विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर असतो. साठीनंतर तो दर वर्षी सुमारे ०.७ टक्क्याने घटू लागतो. तिशी-चाळिशीत "आता पूर्वीसारखे पचत नाही, म्हणून वजन वाढते" असे जे आपण म्हणतो, त्याला यामुळे फारसा आधार उरत नाही.

मग दोष कोणाचा? थायरॉईडचा विकार, काही औषधे, घराण्यातून आलेली ठेवण ही कारणे असतात, आणि ती डॉक्टरांनीच तपासावीत. परंतु बहुसंख्य लोकांच्या बाबतीत उत्तर आपल्या रोजच्या जगण्यातच सापडते. मी ते आमच्याच घरात पाहिले आहे.

आमचे दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) आणि आई बारा वर्षे ऊसतोडीला जात होते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. पहाटे अंधारात उठून फडात जायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. पुढे आम्हा भावंडांच्या शिक्षणासाठी ते तालुक्याच्या गावी आले. दादा एका गोदामावर रात्रीचे वॉचमन झाले, आई एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. काम बदलले, ताट मात्र फडातलेच राहिले. सात वर्षांत दादांचे वजन ५८ किलोवरून ७४ वर गेले आणि एके दिवशी रक्तात साखर निघाली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी पाहा. ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० उष्मांक पुरतात. तोच माणूस जड अंगमेहनत करीत असेल तर ३४७० लागतात. फरक १३६० चा. पाऊणशे ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी धरली तर तिच्यात सुमारे अडीचशे उष्मांक असतात. म्हणजे दिवसाला पाच भाकऱ्यांचा फरक! कोयता एका दिवसात खाली ठेवता येतो, पण बारा वर्षांची भूक एका दिवसात आवरत नाही. तालीम सोडलेल्या पैलवानाचे काय होते हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

सगळ्यांच्याच आयुष्यात असा मोठा पालट होतो असे नाही. पुष्कळदा वाढ इतकी हळू होते की ध्यानातच येत नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० उष्मांकांचा साठा. एक चमचा साखर म्हणजे वीस उष्मांक. कचेरीत बदली झाल्यावर दोन चमचे साखरेचा एकच कप चहा रोज वाढला, तर वर्षाअखेरी नुसत्या साखरेचे १४,६०० उष्मांक होतात. हा कागदावरचा हिशेब प्रत्यक्षात तंतोतंत उतरत नाही. वजन वाढले की ते वाहण्याचा खर्चही वाढतो आणि वाढ कोठेतरी थांबते. तरीपण दिशा कळते.

वयाचा खरा हात आहे तो स्नायूंत. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचे वस्तुमान सुमारे ३ ते ८ टक्क्यांनी घटते, आणि साठीनंतर ही घट वेगाने होते. बसून राहणाऱ्याचे अधिक झिजते. स्नायू गेले आणि त्यांच्या जागी चरबी आली, तर काटा तेच वजन दाखवील आणि आपण समाधानात राहू. स्त्रियांच्या बाबतीत पाळी थांबण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. त्यात आपल्याकडच्या आया उरलेले वाया जाऊ नये म्हणून तेही खातात. आई दिवसभर उभी असते, म्हणून तिला व्यायाम होतो असे घरात सर्वांना वाटते. तीच बाई संध्याकाळी अर्धा तास चालायला निघाली तर शेजारणी तिला रिकामी म्हणतात, हे मला फार लागते.

आपण भारतीयांनी तर काट्यावर मुळीच विसंबू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. वजन व उंची यांच्या प्रमाणावरून काढला जाणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता. अंगातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली! दिसायला सडपातळ, आतून मेदयुक्त अशी आपली घडण आहे. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर धरतात, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये असे सांगतात. शिंप्याची टेप घरोघरी असते. तिचा हा उपयोग कोणी करीत नाही.

वाचक मित्रहो, हा विषय कॉलेजच्या अंकात कशाला, असे कोणी विचारील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २०.६ टक्के अतिवजनाच्या वा लठ्ठ होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २४ टक्के झाले. पुरुषांत ते १८.९ वरून २२.९ वर गेले. आणि यापुढची पाळी आपली आहे. घराण्यात प्रथमच कॉलेजची पायरी चढलेल्या आमच्यासारख्यांना आईवडील काय सांगतात? "आम्ही उन्हात राबलो, तू सावलीत बस." शिक्षण म्हणजे त्यांच्या दृष्टीने खुर्ची. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत माझे मित्र दहा-दहा तास बसून असतात, मधल्या वेळी चहा आणि वडापाव. खुर्ची मिळण्याआधीच तिचे परिणाम दिसू लागले आहेत! मी खुर्चीच्या विरुद्ध नाही. आईने पुन्हा मोळी उचलावी असे मला मुळीच वाटत नाही.

उपाय नवे नाहीत. चरकाने अतिस्थूल माणसाविषयी लिहिताना अतिभोजन, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप आणि बीजस्वभाव ही कारणे सांगितलेली आहेत. आजचे शास्त्र यांतील बरेचसे मान्य करील. उपास करून एकदम वजन उतरविण्याच्या मी विरुद्ध आहे, कारण त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात आणि उपास सुटला की वजन परत येते. महिन्यात दहा किलो उतरविणाऱ्या भुकट्यांच्या जाहिरातींबद्दल तर न बोललेलेच बरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला. भरभर चालणे त्यात येते. त्याशिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायामही सांगितला. हा दुसरा भाग लोक विसरतात. आपल्या जोर-बैठका आणखी काय आहेत? त्यांना पैसे पडत नाहीत.

दादांनी जेवणातल्या चार भाकऱ्यांच्या दोन केल्या आणि त्या जागी मटकीची, हरभऱ्याची उसळ वाढवली. चहातली साखर एका चमच्यावर आणली. रात्रपाळीत झोप मोडते आणि झोप मोडली की भूक वाढते, म्हणून सकाळी घरी आल्यावर पाच तास त्यांना कोणी उठवायचे नाही, असे आम्ही ठरवले. ड्यूटीवर ते दर तासाला गोदामाला दोन फेऱ्या मारतात. वर्षात पाच किलो उतरले. पुढे काटा हललेला नाही. डॉक्टर म्हणाले, हरकत नाही. आपल्या वजनाच्या पाच-दहा टक्के उतरले तरी साखर आणि रक्तदाब यांना उतार पडतो.

आजीच्या वयाच्या माणसांना मात्र हे नियम जसेच्या तसे लावू नयेत. सत्तरीत वजन उतरविण्यापेक्षा पायांतले बळ टिकविणे महत्त्वाचे. त्यांना डाळ, दूध, अंडे कमी पडू देऊ नये, आणि रोज खुर्चीवरून हात न टेकता चार वेळा उठ-बस करवावी. काहीही न करता त्यांचे वजन उतरू लागले, तर "बरे झाले, हलके झाले" म्हणून न थांबता त्यांना डॉक्टरांकडे न्यावे.