लेहचा विमानतळ आणि मालाच्या भाड्याचा हिशोब

दौंडच्या बाजारात कापडाचा धंदा करताना आम्ही एकच गोष्ट शिकलो होतो : बिल्टी फाटली की माल निघाला, आणि माल निघाला की तो पोहोचतो. लडाखच्या पश्मिना शालींनी हा समज खोटा ठरवला.

काही वर्षांपूर्वी जुलैत आम्ही लेहहून विमानाने शाली मागवल्या. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा परदेशी निघाला होता, त्याच्याबरोबर त्या भेटीदाखल जायच्या होत्या. तारीख आम्ही जबानी दिली होती. माल चार दिवस लेहलाच पडून राहिला, मुलगा निघून गेला. पैसा अडकला तो अडकलाच, पण शब्द गेला याचे दुःख जास्त झाले. चूक कोणाची, हे शोधताना जे कळले ते व्यापारी बंधूंसमोर ठेवतो.

लेहचा कुशोक बकुला रिम्पोची विमानतळ समुद्रसपाटीपासून 3256 मीटर उंचीवर आहे. आपले लोहगाव 600 मीटरही नाही. 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन तेथे पहिले डकोटा विमान उतरवले. धावपट्टी अभियंता सोनम नोर्बू यांनी तयार करवून घेतली होती.

एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. समुद्रकाठच्या हवेच्या जेमतेम पाऊण हिस्सा. पंखांना उचलायला हवाच कमी, इंजिनाचा जोरही कमी. ऊन वाढले की हवा आणखी विरळ होते. म्हणून विमान तेथून पूर्ण वजन घेऊन उठू शकत नाही. जुलै 2024 मध्ये तर उष्म्यामुळे लेहची काही उड्डाणेच रद्द झाली. दुपारी दऱ्यांतून वारा सुटतो, त्यामुळे बहुतेक विमाने सकाळीच ये-जा करतात. सकाळ हुकली की दिवस गेला.

आता वजन कमी करायचे तर आधी काय उतरवतात? माणसे नव्हे, माल. आमच्या शाली अशाच मागे राहिल्या.

दुसरा धडा भाड्याचा. विमानात माल वजनाने जातो तसा जागेनेही जातो. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 6000 ने भागायची. येणारा आकडा आणि खरे वजन, यांपैकी जो जास्त त्याचे भाडे. 60 × 50 × 40 च्या खोक्यात 12 किलो शाली असतील तर भाडे 20 किलोचे. त्याच शाली नीट दाबून उंची 24 केली तर हिशोब 12 किलोवर येतो. 8 किलोचे भाडे आपण निव्वळ हवेचे भरत होतो! कुरिअरवाले बहुधा 5000 ने भागतात, तेव्हा भाव ठरवण्याआधी विचारून घ्यावे.

आता आम्ही असे करतो. उन्हाळ्यात गिऱ्हाइकाला तारीख देताना आठ दिवस हातचे राखतो. एक मोठा गठ्ठा न करता लहान खोकी करतो, म्हणजे सगळा माल एकदम अडकत नाही. लेहच्या विक्रेत्याकडून एअरवे बिलाचा नंबर त्याच दिवशी घेतो. घाई नसेल तर दिल्लीपर्यंतच विमान, पुढे मनमाडमार्गे रेल्वेने दौंड. आणि विम्याचे चार पैसे वाचवत नाही.

बंधूंनो, हवा आपल्या हातात नाही. खोक्याची उंची आणि आपण दिलेली तारीख मात्र आपल्याच हातात आहे.