हेम्प पेरण्याआधी परवाना बघा

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या कुरुंद्याचा शेतकरी केळी आणि हळदीवर उभा आहे. दोन्ही पिकांना भांडवल भरपूर लागतं आणि दोन्हींचा भाव आपल्या हातात नसतो. त्यात २०२२च्या जुलैत पुराचं पाणी गावात आणि शिवारात शिरलं, तेव्हा उभी पिकं गेली आणि बांधही वाहून गेले. असा फटका बसलेल्या माणसाला नव्या पिकाचं नाव ऐकलं की आशा वाटते, त्यात काही वावगं नाही. ‘सेंद्रिय सीबीडी हेम्प’, म्हणजे गांजाच्याच झाडाचा कमी नशेचा प्रकार, आमच्याकडे आलं ते याच आशेच्या वाटेनं.

नांदेडला एका हॉटेलात बैठक होती. एका पाहुण्याच्या आग्रहाखातर मी गेलो. बियाण्याचे पैसे आधी भरायचे, पीक कंपनी विकत घेणार, बिया घरीच दळून तेल काढायचं आणि ते सीबीडी, म्हणजे या झाडातल्या औषधी घटकाचं, तेल म्हणून विकायचं, अशी योजना होती. मी परवाना मागितला. दाखवला तो उत्तराखंडातल्या परवान्याचा झेरॉक्स, तोही दुसऱ्याच्या नावाचा. मी पैसे भरले नाहीत. पाहुण्यानं भरले. बियाणं आलं नाही, फोन बंद झाला. पोलिसांत जायलाही तो घाबरला. गांजाचं बियाणं कशाला घेत होतास, असं विचारलं तर काय सांगू, म्हणाला. बेकायदा पिकाच्या व्यवहारात माणूस असा मुका होतो. अशा पिकाला ना पीककर्ज, ना पीकविमा.

कायदा मी वकिलाकडे बसून समजून घेतला. अमली पदार्थांचा १९८५चा एनडीपीएस कायदा गांजा म्हणतो तो झाडाच्या फुलोऱ्याला. बी आणि पानं फुलोऱ्यासोबत नसतील तर ती गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. पण झाड लावणं ही वेगळी गोष्ट आहे. कलम ८ नुसार परवानगीशिवाय लागवडच करता येत नाही, आणि कलम २० खाली त्याला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. झाडात नशा कमी आहे, ही सबब तिथे चालत नाही. धागा किंवा बियांसाठी लागवडीची मुभा देण्याची तरतूद कलम १४ मध्ये आहे, पण ती सरकारनं आदेश काढून द्यायची असते. उत्तराखंडानं २०१८मध्ये परवाने द्यायला सुरुवात केली, टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, ०.३ टक्क्यांच्या आत राहील या अटीवर. तिथला परवाना तिथल्या जमिनीपुरता. हिंगोली जिल्ह्यातल्या गट नंबरला तो लागू होत नाही.

बटईनं जमीन देणाऱ्यांनी तर याहून सावध राहावं. आपल्या जमिनीत असं पीक आहे हे माहीत असूनही खबर दिली नाही, तर कलम ४६ खाली मालक शिक्षेला पात्र ठरतो. आणि जो जमीन कसतो, त्याच्या वावरात झाडं सापडली की निर्दोष असल्याचं सिद्ध करण्याचा भार कलम ५४ मुळे त्याच्यावरच येतो. हळदीच्या किंवा तुरीच्या दाट पिकात चार झाडं कोण बघतं, असं समजणाऱ्यांनी ही दोन्ही कलमं लक्षात ठेवावीत.

आता त्या बैठकीतल्या मोठ्या खोटेपणाकडे येतो, कारण तो कायद्याहून कमी लोकांना ठाऊक आहे. सीबीडी बियांत नसतं. ते मादी झाडाच्या फुलोऱ्यावरच्या चिकट, राळेसारख्या ग्रंथींत तयार होतं. बीला लागलेलं असलंच तर मळणीच्या वेळी चिकटलेलं नाममात्र. म्हणून घाण्यावर हेम्पच्या बिया टाकून जे निघतं ते खाण्याचं तेल, औषध नव्हे. सीबीडीचं खरं औषधही आहे. अमेरिकेत २०१८मध्ये मिरगीच्या काही दुर्मीळ प्रकारांसाठी त्याला मंजुरी मिळाली. पण ते शुद्ध करून, मात्रा मोजून बनवलेलं असतं. स्वयंपाकघरात तसं काही बनत नाही.

शिवाय फूल आणि बी एकाच वावरात नीट येत नाहीत. फुलोरा हवा तर नर झाडं वेळेत उपटावी लागतात, नाहीतर परागीभवन होऊन सगळी ताकद बीत जाते. बी हवं तर नर ठेवावेच लागतात. ही काही नवी विद्या नाही. इंग्रज सरकारच्या १८९३-९४च्या आयोगाच्या अहवालात गांजाच्या शेतातले नर काढण्याचं वर्णन आहे, आणि त्या काळी नगरकडे ही शेती होत असे. दोन्ही उत्पन्नं एकत्र दाखवणारा माणूस एक तर शेती जाणत नाही किंवा तुम्हाला फसवतो.

वाणाचंही तेच. दिवस लहान होऊ लागला की हे झाड फुलावर येतं. युरोप-कॅनडाकडचे वाण तिथल्या उन्हाळ्यातल्या लांबलचक दिवसांवर वाढलेले. आपल्याकडे जूनमध्येही दिवस सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो, त्यामुळे ते वाण गुडघ्याएवढे असतानाच फुलतात. आणि ‘सेंद्रिय’ हा शब्द रासायनिक खत टाकलं नाही एवढ्यानं खरा होत नाही. जमीन आधी दोन-तीन वर्षं बदलाच्या काळात असावी लागते. हेम्प तर मातीतलं शिसं आणि कॅडमियम शोषून घेतं, म्हणजे माती तपासल्याशिवाय त्याचं बी खाण्याजोगं आहे की नाही हेही कळत नाही.

खायला हेम्पच्या बिया कायद्यानं मिळतात. नोव्हेंबर २०२१मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) बी, तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली; किलोभर बियांत टीएचसी ५ मिलिग्रॅमच्या आणि तेलात १० मिलिग्रॅमच्या वर नको. कुमाऊँत या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या होते. चव घ्यायची असेल तर परवानाधारकाकडून, पाकिटावरचा परवाना क्रमांक बघून विकत घ्या. पेरायचंच असेल तर आपल्याकडे जवस आहे. ओमेगा-३ मध्ये ते हेम्पच्या पुष्कळ पुढे आहे, आणि पेरल्याबद्दल कोणी दारावर येत नाही.

मी बांधाकडेच्या पट्ट्यात जवसाचा, लातूरच्या संशोधन केंद्राचा एलएसएल-९३ हा वाण लावतो. ऑक्टोबर संपायच्या आत पेरणी करावी, कारण उशीर झाला की गादमाशी कळ्या खाते आणि बोंडं पोचट राहतात. मी शेणखत घालतो, कळ्या लागताना निंबोळी अर्क फवारतो. एकरी १० किलोच्या आसपास बियाणं पुरतं.

घरच्या प्रक्रियेत खरं नुकसान होतं ते ओलीमुळे आणि घाईमुळे. मळल्यावर बी पातळ पसरून वाळवायचं, दाताखाली कडक तुटलं पाहिजे. मग पाखडून, चाळून खडा काढायचा. जवसाचं बी गुळगुळीत, खडा सहज लपतो. कच्च्या जवसात सायनाइड तयार करणारे घटक असतात, म्हणून मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजूनच चटणी करावी, आणि कच्चं पीठ मुठीमुठीनं खाऊ नये. तेल लाकडी घाण्याचं काढलं तर साधारण तिसरा हिस्सा निघतं. ते फोडणीला वापरू नये, भाकरीवर किंवा चटणीवर कच्चंच घ्यावं. उजेड आणि हवा लागली की ते लवकर खवट होतं. म्हणून काळ्या, लहान बाटल्या काठोकाठ भरायच्या, काढल्याची तारीख चिठ्ठीवर लिहायची आणि थंड जागी ठेवायच्या. विकायचं असेल तर एफएसएसएआयची नोंदणी आधी करून घ्यावी. उरलेली पेंड आमच्याकडे भिजवून आणि शिजवून, थोडी थोडी करून म्हशीला जाते.